सोफियातले खोकणारे

खोकणारा माणूस संगीताच्या इतिहासात सहसा शिरत नाही. गाणारे शिरतात, वाजवणारे शिरतात, त्यांना पदरी ठेवणारे राजेरजवाडे शिरतात. मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्यसुद्धा पुढेमागे शिरून घेतो. खोकणाऱ्याच्या वाट्याला येतात त्या फक्त वळलेल्या माना आणि चढलेल्या भुवया. बल्गेरियाची राजधानी सोफिया इथल्या काही नागरिकांनी मात्र २५ फेब्रुवारी १९५८ रोजी हा पायंडा मोडला. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्यांचा खोकला मात्र जगभरचे दर्दी साठाहून अधिक वर्षं ऐकताहेत, तोही पैसे मोजून.

त्या दिवशी पियानोपाशी बसला होता स्व्यातोस्लाव रिख्टर. वय बेचाळीस. सोव्हिएत संघात त्याच्या नावाचा दबदबा होता, पण पश्चिमेकडे तो वार्तेपुरताच होता. लोखंडी पडद्यापलीकडे कुणीएक अचाट वाजवणारा आहे म्हणे, एवढंच. आदल्याच वर्षी कॅनडाचा तरुण पियानोवादक ग्लेन गूल्ड मॉस्कोला जाऊन आला होता. तिथे त्यानं रिख्टरचं शूबर्ट ऐकलं आणि तो भारावून परतला. म्हणजे वार्तेला एक साक्षीदार तरी मिळाला. पण रिख्टरच्या वडिलांना १९४१ साली हेरगिरीच्या आरोपावरून गोळी घातलेली, आई जर्मनीत निघून गेलेली. अशा माणसाला पश्चिमेकडे सोडायला सरकार कचरत होतं. अमेरिकेनं त्याला प्रत्यक्ष ऐकलं ते १९६० साली. त्याआधी आणि त्यानंतरही, रिख्टर म्हणजे काय हे ज्यांना घरबसल्या कळलं, त्यांतल्या पुष्कळांना ते सोफियाच्या या मुद्रणातून कळलं. पुढे फिलिप्स कंपनीनं त्याच्या तबकड्या आणि सीडी जगभर विकल्या. मुद्रण मोनो. एखाददुसरा स्वर निसटलेला. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातचं काही न राखता, खोकला.

कार्यक्रमात शूबर्ट होता, शोपँ होता, लिस्ट होता. पण मुद्रण गाजलं ते मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’मुळे. मोदेस्त मुसोर्गस्की हा सेंट पीटर्सबर्गमधला सरकारी नोकर, वनखात्यातला. व्हिक्टर हार्टमान हा त्याचा दोस्त, वास्तुकार आणि चित्रकार. १८७३ साली हार्टमान अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी अचानक गेला. दोघांचा मित्र आणि त्या काळचा बडा कलासमीक्षक व्लादिमीर स्तासोव्ह यानं पुढच्या वर्षी त्याच्या चारशेहून अधिक चित्रांचं आणि आराखड्यांचं प्रदर्शन भरवलं. मुसोर्गस्कीनं आपल्याकडची हार्टमाननं दिलेली चित्रंही तिथे मांडायला दिली, प्रदर्शन पाहिलं, आणि १८७४ च्या जूनमध्ये तीनेक आठवड्यांत ही पियानोची मालिका लिहून मोकळा झाला. त्या तीन आठवड्यांत वनखात्याच्या फायलींचं काय झालं, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. रशियातली जंगलं शाबूत राहिली, तेव्हा फारसं काही बिघडलं नसावं.

मालिकेत दहा चित्रं आहेत. वाकड्या पायांचा बुटका, जुना किल्ला, पॅरिसच्या बागेत भांडणारी मुलं, अंड्याच्या कवचातच नाचणारी पिल्लं, लिमोझच्या बाजारातल्या बायका, कोंबडीच्या पायांवर उभी असलेली चेटकिणीची झोपडी, असा हा सगळा जमाव. पण मला विचाराल तर या मालिकेतली खरी करामत चित्रांत नाही, चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. तिथे एक माणूस चालतो. सुरुवातीला आणि मग अधूनमधून तीच चालण्याची धून येते. तिला नाव आहे ‘प्रोमेनाड’, म्हणजे साधी फेरी. हा फेरी मारणारा माणूस म्हणजे खुद्द मुसोर्गस्की. या मधल्या तुकड्यांत माझाच चेहरा दिसतो, असं त्यानं स्तासोव्हला कळवलंही होतं.

अंगानं चांगलाच भरलेला हा गृहस्थ कसा चालतो? एकदा पाच मात्रा, एकदा सहा, पुन्हा पाच, पुन्हा सहा. प्रदर्शनात चाललेला माणूस कधीच सरळ लयीत चालत नाही, हे ज्यानं कुणी जहांगीर आर्ट गॅलरीत अर्धा तास काढलाय त्याला माहीत असतं. दोन पावलं पुढे, एक तिरकं, मान कलती, मागच्याच्या पायावर पाय, क्षमा मागून पुन्हा पुढे. मुसोर्गस्कीनं ते सगळं मात्रांत बसवलं. किंवा बसवलं नाही, म्हणूनच ते जमलं.

रिख्टरचा मुसोर्गस्की मात्र रेंगाळणाऱ्यांतला नाही. पहिल्या फेरीपासूनच तो लगबगीनं निघतो, जणू रखवालदार किल्ल्या वाजवत मागे उभा आहे. पण किल्ल्याच्या चित्रापाशी तो थबकतो. डाव्या हातात एकच खालचा स्वर सुरुवातीपासून अखेरपर्यंत धरून ठेवलेला, आणि वर एक उदास गाणं. आपल्या कानाला इथे ओळखीचं काहीतरी लागतं. तंबोरा नाही, पण षड्ज तर लागलेलाच आहे. आता शांतपणे ऐकावं म्हणून आपण सरसावतो आणि तेवढ्यात फेब्रुवारीतली सोफिया आपला घसा मोकळा करते.

आमच्या घरी हे मुद्रण लागलं की पियानोपेक्षा चर्चा खोकल्याचीच जास्त होते. “अगं बाई, याला ज्येष्ठमध तरी द्या कुणीतरी,” असं आई म्हणते. बाबांचं निदान वेगळं असतं. तो डावीकडचा गृहस्थ नक्की विडी ओढणारा, त्याला ज्येष्ठमधानं काही होणार नाही. उजवीकडच्या बाईंना मात्र सितोपलादीनं गुण येईल. मोनो मुद्रणात डावंउजवं कळत नाही, हे मी सांगत नाही. वैद्यकीच्या आड विज्ञान आणू नये.

पुन्हापुन्हा ऐकलं की या खोकल्यांतही घराणी दिसायला लागतात. एक खोकला सरळमार्गी: आला, झाला, संपला. दुसरा दाबून धरलेला, आणि दाबल्यामुळे दामदुपटीनं उसळणारा. तिसरा उत्तरादाखल येतो. एकानं सुरुवात केली की आता परवानगी आहे असं समजून चौघं आपापली थकबाकी भागवून घेतात. आणि चौथा, सर्वांत सुसंस्कृत, दोन चित्रांच्या मधल्या जागेसाठी राखून ठेवलेला. हा खोकणारा जाणकार. त्याला सम कुठे आहे ते ठाऊक असतं.

या विषयाकडे गंभीरपणे पाहणारेही आहेत. हॅनोव्हर विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ आंद्रेआस वागेनर यांनी २०१२ साली मैफलीतल्या खोकल्यावर एक निबंध लिहिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणूस एरवी जेवढा खोकतो त्याच्या जवळपास दुप्पट तो मैफलीत खोकतो. आणि संथ, हळुवार किंवा अनोळखी आधुनिक संगीत चाललेलं असताना अधिकच. म्हणजे हा नुसता घशाचा मामला नव्हे. घसा बिचारा पुढे केलेला असतो, बोलणारा मागे दुसराच असतो.

रखमानिनॉव्हनं हे अर्थशास्त्र आधीच ओळखलं होतं. १९३१ साली त्यानं ‘कोरेल्लीच्या धुनेवरची व्हेरिएशन्स’ लिहिली. एका जुन्या चालीचे वीस अवतार, एकामागून एक. त्याच वर्षी मित्र मेट्नर याला पाठवलेल्या पत्रात त्यानं आपली वाजवण्याची रीत सांगितली आहे. सभागृहातला खोकला वाढला की पुढचा अवतार गाळायचा. खोकला नसेल तर क्रमानं वाजवत राहायचं. एका छोट्या गावात लोक इतके खोकले की वीसपैकी दहाच अवतार झाले. उच्चांक न्यूयॉर्कचा, अठरा. जगातल्या थोर पियानोवादकांपैकी एक, ज्याचे हात कीबोर्डवर कुठवर पोचतात याच्या दंतकथा झाल्या, तो व्यासपीठावर बसून मनातल्या मनात खोकले मोजतो आहे, हे चित्र मला फार आवडतं. समीक्षकांची परीक्षणं दुसऱ्या दिवशी छापून येतात. हे जागच्या जागी मिळतं.

आता पियानोच्या मैफलीला गेलेल्या श्रोत्याची बाजूही ऐकायला हवी. त्या बिचाऱ्याला करण्यासारखं दुसरं असतं काय? हलायचं नाही, बोलायचं नाही, तोंडानं तर नाहीच पण हातानंही दाद द्यायची नाही. मालिकेतला एखादा तुकडा संपल्यावर न राहवून कुणी टाळी वाजवली, तर शेजारी त्याच्याकडे तो आत्ताच झाडावरून उतरलाय अशा नजरेनं पाहतात. टाळ्या सगळं संपल्यावर, एकदम. आपल्याकडे एखाद्या जुन्या खासगी बैठकीचं टेपवरचं मुद्रण लावा. गायक समेवर आला की चार दिशांनी ‘वाऽ’ येतं, कुणी ‘क्या बात है’ म्हणतं, कुणी नुसताच हुंकार देतं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरच्या थंडीत शाल पांघरून बसलेला श्रोता मांडीवर ताल धरतो, मान हलवतो, शेजाऱ्याकडे बघून डोळे मिचकावतो. खोकला आपल्याकडेही कमी नाही. डिसेंबर कुणालाच सोडत नाही. पण त्या सगळ्या गलबल्यात तो खपून जातो. सोफियाच्या लोकांना ‘वाऽ’ म्हणायची सोय असती तर त्यांतले निम्मे खोकले ‘वाऽ’ म्हणून बाहेर पडले असते, अशी मला शंका आहे. उरलेल्या निम्म्यांना खरोखरच सर्दी झालेली असावी.

श्रोत्यांचा हा उपद्रव कायमचा मिटवायचा निश्चय केला तो त्याच ग्लेन गूल्डनं. १९६४ साली, बत्तिशीचाही व्हायच्या आत, त्यानं मैफली करणं सोडून दिलं. यापुढे फक्त स्टुडिओ, तिथली निरव शांतता, हवे तेवढे टेक, हवे तिथे जोड. प्रेक्षक गेले, खोकला गेला. आणि मग त्या शांततेत गूल्ड स्वतःच गुणगुणायला लागला. म्हणजे गुणगुणत तो आधीही होता, पण आता ते झाकायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तंत्रज्ञांनी नाना उपाय केले. गुणगुणणं तबकडीवर उतरलंच. सभागृह रिकामं केलं तरी माणूस हा आवाज करणारच.

रिख्टरचा रस्ता उलटा. त्याला स्टुडिओत करमत नसे. उतारवयात तो सभागृहातले दिवे मालवून, फक्त स्वरलिपीवर पडेल एवढ्या एका दिव्याच्या उजेडात वाजवायचा. लोकांनी माझ्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघू नये, ऐकावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण दिवे मालवले तरी माणसं त्याला हवी होती. १९६४ साली, नेमक्या गूल्ड मैफली सोडत होता त्याच वर्षी, रिख्टरनं फ्रान्समध्ये तूर शहराजवळ एका तेराव्या शतकातल्या धान्याच्या कोठारात संगीतमहोत्सव सुरू केला. १९८६ साली, सत्तरी ओलांडल्यावर, तो सैबेरियाच्या दौऱ्यावर निघाला. सहाएक महिन्यांत दीडशेच्या आसपास मैफली, त्याही धड सभागृह नसलेल्या गावांतसुद्धा. सैबेरियात कुणी खोकलं नसेल असं मानायला माझं मन तयार नाही. त्या माणसाला खोकल्याची भीती असती तर तो निदान उन्हाळी गावं निवडता.

आणि मुसोर्गस्कीच्या या मालिकेला असल्याच हट्टी माणसाची गरज होती. मुसोर्गस्की १८८१ साली गेला तोवर ती छापलीही गेली नव्हती. पाच वर्षांनी रिम्स्की-कोर्साकोव्हनं काही दुरुस्त्या करून ती छापली. त्यानंतरही ही काही पियानोच्या वळणाची चीज नव्हे, असं म्हणून पियानोवादक तिला टाळत राहिले. १९२२ साली राव्हेलनं तिला ऑर्केस्ट्राचा साज चढवला तेव्हा कुठे ती जगभर गाजली. इतकी, की मूळ पियानोची रचना म्हणजे ऑर्केस्ट्राचा कच्चा खर्डा असावा असं लोकांना वाटायला लागलं. होरोविट्झनं ती पियानोवर वाजवली, पण आपल्या पदरचे स्वर घालून. रिख्टरला राव्हेलचा साज मुळीच मानवत नसे आणि पदरचं काही घालायची त्याला गरज वाटत नसे. मुसोर्गस्कीनं लिहिलं तेच, तसंच. बैलगाडीचं चित्र घ्या. छापील आवृत्तीत रिम्स्की-कोर्साकोव्हनं तिला लांबून, हलक्या आवाजात यायला लावलं होतं. मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात ती पहिल्याच पावलाला अंगावर येते. रिख्टरची गाडीही अंगावरच येते. अशा ठिकाणी सोफिया खोकत असेलही, पण ऐकू कुणाला जाणार?

आता थोडं त्या प्रदर्शनाबद्दल. हार्टमानच्या त्या चारशेवर कामांपैकी बहुतेक पुढे हरवली. मुसोर्गस्कीनं निवडलेल्यांपैकी मोजकीच आज पाहायला मिळतात. बॅलेसाठी काढलेला पिल्लांचा पोशाख आहे. चेटकिणीच्या झोपडीचं घड्याळ आहे. पॅरिसच्या भुयारी स्मशानाचं चित्र आहे, आणि त्यात कंदिलाच्या उजेडात कवट्या बघणाऱ्या माणसांमध्ये एक खुद्द हार्टमानच आहे: चित्रकार स्वतःच्याच चित्रात प्रेक्षक म्हणून उभा. मुसोर्गस्कीनं हे नेमकं हेरलं. या चित्रानंतर फेरीची ती धून पुन्हा येते, पण आता उजव्या हाताच्या थरथरत्या स्वरांखाली, अंधारात. मेलेला हार्टमान मला कवट्यांपाशी नेतो आहे आणि त्या मंद उजळताहेत, अशा अर्थाची नोंद त्यानं हस्तलिखितात केली आहे. इतका वेळ भिंतीपासून हातभर अंतर राखून चालणारा माणूस इथे चित्राच्या आत गेला. पुढे शेवटच्या, किएव्हच्या भव्य द्वाराच्या चित्रात घंटांचा नाद चढत जातो आणि त्या घंटांमध्येच फेरीची धून वाजायला लागते. आता पाहणारा कुठला आणि चित्र कुठलं, हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून मला वाटतं, इतर कुठल्याही रचनेत खोकला हा व्यत्यय असेल. या रचनेत तो पाहुणा आहे. ही मालिकाच मुळी प्रेक्षकाची आहे. चित्रं गेली, राहिली ती एका स्थूल सरकारी नोकराची त्यांच्यासमोरून मारलेली फेरी. प्रदर्शन एका माणसासाठी थोडंच भरतं? त्याच्या मागेपुढे कुणी पाय घासत असणार, कुणी कुजबुजत असणार. आणि पीटर्सबर्गची हवा लक्षात घेता कुणीतरी खोकतही असणारच. मुसोर्गस्कीनं ते लिहिलं नाही. सोफियाच्या लोकांनी ती जागा भरून काढली.

आता संगणकावर असली सोय आहे म्हणतात की हवा तो आवाज वेचून बाजूला काढता येतो. उद्या कुणीतरी उत्साही तंत्रज्ञ सोफियाचं मुद्रण घेऊन बसेल आणि एकेक खोकला टिपून काढेल. त्याला माझी विनंती आहे की त्यानं दुसरं काहीतरी साफ करावं. कामांची काय कमी आहे? खोकले काढले तर रिख्टर एका रिकाम्या दालनातून धावत सुटल्यासारखा ऐकू येईल, आणि एवढी घाई कशाची हे कुणालाच कळणार नाही. शिवाय एक मोठी गोष्ट हातची जाईल. रखमानिनॉव्ह खोकल्याला कंटाळून दहा अवतार गाळू शकत होता. रिख्टरनं त्या दिवशी इतक्या खोकल्यात एकही चित्र गाळलं नाही. ते त्याचं धैर्य हे तर झालंच, पण मुसोर्गस्कीनंच दुसरी वाट ठेवलेली नाही. या प्रदर्शनातून बाहेर पडायचं दार सर्वांत शेवटच्या चित्रात आहे.

तेही दार कागदावरचंच. १८६६ साली झार दुसरा अलेक्झांडर एका हल्ल्यातून बचावला, त्याची आठवण म्हणून किएव्हला द्वार उभारायचं ठरलं. स्पर्धा झाली, हार्टमाननं घुमट आणि घंटाघरासकट थाटाचा आराखडा काढला, आणि मग सरकारनं तो बेतच सोडून दिला. तेव्हा सोफियाची ती मंडळी अजून आतच आहेत, आणि तूर्तास तरी त्यांना बाहेर काढायचा कुठलाही रस्ता मला दिसत नाही.